काळा गेंडा युरोपात आला १८६८ मध्ये, पिल्लू झाले १९५६ मध्ये: मधली ८८ वर्षे कशात गेली?

जुनी_कात्रणे (धागाकर्ता)

११ सप्टेंबर १८६८ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात एक लहान वयाचा नर गेंडा दाखल झाला. लंडनकरांनी तोवर पाहिलेले गेंडे भारतीय होते, म्हणजे एका शिंगाचे आणि चिलखत घातल्यासारख्या घड्यांच्या कातडीचे. या नव्या पाहुण्याच्या अंगावर मात्र घड्या नव्हत्या आणि नाकावर एकामागे एक अशा दोन शिंगांच्या जागा होत्या. रोमन काळानंतर युरोपात जिवंत पोहोचलेला हा पहिला आफ्रिकी गेंडा मानला जातो. सुदानमधील कसाला गावाच्या परिसरात त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो पकडला गेला होता. लोरेन्झो कॅसानोव्हा या इटालियन व्यापाऱ्याने त्याला बाहेर काढले, हाम्बुर्गचा जनावरांचा व्यापारी कार्ल हागेनबेक याने विकत घेतले आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने त्याच्यासाठी हागेनबेकला १,००० पौंड मोजले. त्याचे नाव थिओडोर. तो १८९१ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षांहून अधिक काळ, तिथेच जगला.

युरोपातील प्राणिसंग्रहालयात काळ्या गेंड्याचे पहिले पिल्लू जन्मले ते १९५६ मध्ये, फ्रँकफुर्टला. वजाबाकी केली तर ८८ वर्षे होतात. सिंह, वाघ आणि हरणे याच प्राणिसंग्रहालयांत एकोणिसाव्या शतकातच व्यायला लागली होती. मग काळ्या गेंड्याच्या बाबतीत एवढा काळ का जावा? त्याला सांभाळणे अवघड होते की सांभाळणाऱ्यांना पिल्ले नकोच होती? जाणकारांनी लिहावे.

हरितद्वीप

विषय आवडला. एक प्राथमिक शंका आहे. लिस्बनला पोर्तुगीज राजाकडे गेंडा गेला होता आणि त्याचे चित्र जगभर गाजले, असे वाचले होते. तो थिओडोरच्या कितीतरी आधीचा नव्हे काय?

जुनी_कात्रणे

आधीचा आहे, पण तो भारतीय गेंडा होता आणि त्याचा प्रवास आपल्या गोव्यातून सुरू झाला. गुजरातचा सुलतान मुजफ्फर याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला भेट दिला होता. आल्बुकर्कने त्याला १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने रवाना केले आणि २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. तिथे त्याला ‘गंडा’ म्हणत. गुजरातीतला किंवा मराठीतला शब्द जवळजवळ जसाच्या तसा समुद्रापार गेला. पुढे पोपकडे नजराणा म्हणून पाठवला जात असताना जहाज फुटून तो बुडाला. न्यूरेम्बर्गचा चित्रकार ड्यूरर याने तो कधी पाहिला नव्हता; ऐकीव वर्णनावरून आणि कुणा दुसऱ्याच्या रेखाटनावरून त्याने लाकडी ठसा कोरला. तरीही पुढची अडीचशे वर्षे युरोपच्या मनातला गेंडा तोच राहिला.

याचा या धाग्याशी संबंध इतकाच की ‘गेंडा’ म्हटल्यावर युरोपच्या डोळ्यांपुढे भारतीय गेंडा येत असे. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये दोन शिंगांच्या गेंड्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याचे वसतिस्थान म्हणून त्याने चक्क भारत लिहिला. म्हणजे नाव मिळाल्यानंतरही जिवंत जनावर युरोपात यायला ११० वर्षे लागली आणि नाव देणाऱ्याला ते राहते कुठे हेही ठाऊक नव्हते.

दूरबीन

या प्रश्नाचे उत्तर प्राणिसंग्रहालयात शोधण्याआधी कसाल्याहून हाम्बुर्गला जाणाऱ्या वाटेवर शोधले पाहिजे, असे मला वाटते.

पकडणारे लोक बहुधा हमरान अरब होते. सॅम्युअल बेकर या इंग्रज प्रवाशाने १८६१ च्या सुमारास त्यांच्यासोबत काही महिने काढले आणि त्यांच्या शिकारीचे वर्णन करून ठेवले. हे लोक बंदूक वापरत नसत. एक घोडेस्वार जनावराला आपल्यामागे लावून घेई आणि दुसरा मागून येऊन तलवारीने त्याच्या मागच्या पायाची शीर तोडी. अशा पद्धतीत मोठे जनावर जिवंत हाती लागण्याचा प्रश्नच नव्हता. जिवंत हवे असेल तर आधी आई मारायची आणि मग तिच्याजवळ घुटमळणारे पिल्लू दोराने बांधायचे. हागेनबेकने आपल्या आठवणींत हे लपवलेले नाही. मोठी जनावरे मारल्याशिवाय पिल्ले क्वचितच मिळतात, असे तो सरळ लिहितो. तेव्हा युरोपात पोहोचलेल्या प्रत्येक काळ्या गेंड्याच्या हिशेबात निदान एक मेलेली मादी धरावी लागते.

पुढचा प्रवास असा होता. कसाल्याहून तांबड्या समुद्रावरच्या सुआकिन बंदरापर्यंत वाळवंटातून पायी जायचे, तेही रात्री, कारण दिवसा ऊन सोसत नसे. सुआकिनहून बोटीने सुवेझ, तिथून रेल्वेने अलेक्झांड्रिया, पुन्हा बोटीने त्रिएस्त आणि शेवटी रेल्वेने व्हिएन्नामार्गे उत्तरेकडे. १८७० मध्ये कॅसानोव्हा सुवेझला अंथरुणाला खिळला, तेव्हा हागेनबेकला आपल्या भावासह स्वतः तिकडे धावावे लागले. त्या एका तांड्यात हत्ती, जिराफ, हरणे, शहामृग, तरस आणि एक गेंडा होता. त्याशिवाय सत्तरहून अधिक दुभत्या शेळ्या होत्या. त्या विकण्यासाठी नव्हत्या. अंगावर पिणाऱ्या पिल्लांना वाटेत दूध मिळावे म्हणून नेल्या जात. काळ्या गेंड्याचे पिल्लू वर्ष-दीड वर्ष आईच्या दुधावर असते आणि आईबरोबर दोन ते चार वर्षे हिंडते. ज्याला रानातला कोणता पाला खावा हे आईने अजून पुरते दाखवलेले नाही, असे जनावर शेळीच्या दुधावर तीन-चार महिने काढून हाम्बुर्गला उतरत होते. ते जगले हेच आश्चर्य म्हणावे. पिल्लांची जोडी मिळणे तर दूरच, कारण पकडणाऱ्याच्या हाती एका वेळी एकच पिल्लू लागे.

थोडे अवांतर: ज्या महिन्यांत थिओडोरला वाळवंटातून नेले जात होते, त्याच महिन्यांत शेजारच्या ॲबिसिनियात (आजचा इथिओपिया) आपल्या मुंबईहून गेलेली इंग्रज सेनापती नेपियरची फौज तोफा वाहणाऱ्या ४४ हत्तींसह डोंगर चढत होती. तिथल्या सम्राटाचे नाव थिओडोर आणि त्याने एप्रिल १८६८ मध्ये मॅगडाल्याच्या किल्ल्यात स्वतःवर गोळी झाडली. सप्टेंबरात लंडनला पोहोचलेल्या गेंड्याला हेच नाव कशावरून मिळाले असावे, याचा तर्क ज्याने त्याने करावा.

निवृत्त_पशुवैद्य

दूरबीन यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण ‘ते जगले हेच आश्चर्य’ या वाक्यापाशी थांबून चालणार नाही. थिओडोर बावीस वर्षे जगला. काळ्या गेंड्याचे आयुष्य साधारण पस्तीस-चाळीस वर्षांचे असते, हे लक्षात घेतले तरी शेळीच्या दुधावर वाढलेल्या जनावराने लंडनच्या धुक्यात काढलेला हा काळ वाईट नाही. याचा अर्थ जगवणे जमत होते आणि वंश वाढवणे जमत नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आहाराबद्दल माझ्या क्षेत्रातून थोडे सांगतो. भारतीय गेंडा आणि आफ्रिकेतला पांढरा गेंडा मुख्यतः गवत चरतात. काळा गेंडा पाला खातो. काटेरी झुडपांच्या डहाळ्या हे त्याचे खरे अन्न. त्या पाल्यात टॅनिन भरपूर असते, त्यामुळे तो चवीला तुरट असतो आणि त्यातले लोह शरीरात फारसे शोषले जात नाही. अशा जनावराला वाळले गवत, लसूणघास, धान्य आणि पाव घातला तर पोट भरते; पण ज्या शरीराला लोह मिळेल तेवढे धरून ठेवायची सवय आहे, त्याच्या यकृतात ते वर्षानुवर्षे साचत राहते. बंदिस्त काळ्या गेंड्यांमधला हा विकार, रक्तातील तांबड्या पेशी एकाएकी फुटण्याचा आजार आणि कातडीवरचे व्रण, या तिन्ही गोष्टींची नीट नोंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागली. थिओडोरच्या काळात जनावर मेले की ‘थंडी बाधली’ म्हणून मोकळे होत.

आपण ‘गेंड्याची कातडी’ म्हणतो ना, त्या म्हणीसाठी हे जनावर अगदी अपात्र आहे. त्याच्या कातडीला खाली पडून राहिल्याने चिघळायला वेळ लागत नाही आणि गोमाश्या त्याला सुखाने बसू देत नाहीत.

माइन_काठचा

मी गेली काही वर्षे फ्रँकफुर्टला राहतो. तिथल्या प्राणिसंग्रहालयात आजही काळे गेंडे आहेत आणि मुलीमुळे मला त्यांच्यासमोर बराच वेळ उभे राहावे लागते. पशुवैद्यांनी आहाराचे जे सांगितले, ते तिथे डोळ्यांना दिसते. राखणदाराने ताज्या फांद्यांचा भारा टाकला की गेंडा आधी मान तिरकी करून तो हुंगतो. मग वरच्या ओठाचे टोक, जे एरवी चोचीसारखे खाली वळलेले असते, बोटासारखे पुढे येते, फांदीला वेढा घालते आणि तिला दाढांकडे ओढून घेते. लगेच कडकन आवाज होतो. खाली पडलेला तुकडा नीट पाहिला तर तो चाकूने तिरका छाटल्यासारखा दिसतो. आफ्रिकेत माग काढणारे लोक अशा तिरक्या छाटीवरून इथून काळा गेंडा गेला आहे हे ओळखतात, असे ऐकले आहे. हाच गेंडा शेजारच्या वाळल्या गवताकडे येतो, तेव्हा त्या ओठाला काही कामच उरत नाही. वाटीत पातळ आमटी समोर आली आणि हातात काटा दिला, असा काहीसा प्रकार.

तिथली आणखी एक गोष्ट सांगतो. मी जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा नर आणि मादी वेगवेगळ्या आवारांत होते. मुलीने विचारले, ‘बाबा, यांचे भांडण झाले आहे का?’ मला उत्तर देता आले नाही. कुणी देईल का?

निवृत्त_पशुवैद्य

माइन_काठचा, आपल्या कन्येचा प्रश्न या धाग्याच्या मुळाशी जाणारा आहे. प्रौढ काळा गेंडा एकटा राहतो. मादी माजावर आली की नर तिच्याजवळ येतो आणि तेव्हाही आधी बरीच धक्काबुक्की होते. मादी त्याला शिंगाने ढोसते, फुसकारत त्याच्यावर धावून जाते आणि कित्येक तासांनी, कधी काही दिवसांनी, दोघांचे जमते. माज उतरला की पुन्हा आपापली वाट. माज साधारण महिन्याभराने येतो आणि त्यातले अनुकूल दिवस अगदी थोडे असतात. ते दिवस ओळखायचे, तेवढ्यापुरते मधले दार उघडायचे आणि गाभण मादीला पुढचे सुमारे पंधरा महिने निवांत ठेवायचे, ही रीत कळायला फार काळ गेला. जुन्या पद्धतीच्या घरात दोन जनावरे कायम एकत्र ठेवली तर मारामारी होई आणि वेगळी ठेवली तर गजांमधून एकमेकांना हुंगण्यापलीकडे काही होत नसे.

चिंचपोकळी

दूरबीन यांनी पुरवठ्याची बाजू मांडली, पशुवैद्यांनी शरीराची. मला गिऱ्हाइकाची बाजू मांडायची आहे, कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ‘पिल्ले नकोच होती का’, अजून कुणी हाताळलेला नाही.

१८७० च्या दशकातल्या लंडनच्या संग्रहाकडे पाहा. जिम नावाचा भारतीय गेंडा १८६४ मध्ये कलकत्त्याहून आला होता. १८६८ मध्ये थिओडोर आला. फेब्रुवारी १८७२ मध्ये चितगावकडे पकडलेली सुमात्री जातीची केसाळ मादी आली; तिचे नाव बेगम आणि किंमत १,२५० पौंड. मार्च १८७४ मध्ये जावाचा गेंडा ८०० पौंडांना घेतला. म्हणजे १८७४ पासून जावाचा गेंडा १८८५ मध्ये मरेपर्यंत, जगातल्या पाच जातींपैकी चार जाती एकाच बागेत, हाकेच्या अंतरावर उभ्या होत्या. असा योग पुढे क्वचितच कुठे जुळला असेल. संस्थेचे सचिव स्क्लेटर यांनी १८७६ मध्ये या सर्वांवर चित्रांसह मोठा निबंध प्रसिद्ध केला.

हे वाचताना मला पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह आठवतो. संग्राहकाला प्रत्येक देशाचे एक तिकीट हवे असते. एकाच तिकिटाची जोडी त्याच्या दृष्टीने अदलाबदलीची सोय असते. हे केवळ माझे अनुमान नाही. जिमबरोबर आलेली भारतीय मादी लंडनने ठेवली नाही. १८६५ मध्ये पॅरिसहून ‘जंबो’ हत्ती मिळवण्यासाठी ती पॅरिसला देऊन टाकली! हातात आलेली जोडी हत्तीसाठी फोडणाऱ्या व्यवस्थापनाकडून काळ्या गेंड्याच्या वंशवृद्धीची अपेक्षा आपण का करावी? थिओडोरसाठी मादी आणण्यावर हजार पौंड घालणे म्हणजे त्यांच्या लेखी ‘आहे तेच पुन्हा घेणे’ ठरले असते. १८६९ च्या सुमारास बांधून झालेल्या हत्ती-गेंड्यांच्या घराची रचनाही एकेका जनावराला एकेक कप्पा अशीच होती.

दूरबीन

चिंचपोकळी यांचा मुद्दा मान्य आहे, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. तिकिटांचा संग्रह तेव्हाच चालतो, जेव्हा पोस्ट ऑफिस उघडे असते. सुदानमधला धार्मिक नेता महदी याच्या उठावाने ते बंद पडले. १८८५ मध्ये कसाला महदीच्या अनुयायांच्या हाती गेले आणि सुदानमधून युरोपला येणारा जनावरांचा ओघ आटला. म्हणजे ज्या व्यवस्थापकांना जोडी करायची असती त्यांच्यासाठीही १८८० नंतरची दहा-पंधरा वर्षे दुष्काळाचीच होती. पुढे पूर्व आफ्रिकेत जर्मन आणि इंग्रज सत्ता बसल्यावर काळे गेंडे पुन्हा येऊ लागले, पण ते वेगळ्या मुलखातून.

कासवगती

वाचतो आहे. एक बाजूचा प्रश्न: रोममध्ये असलेला गेंडा काळाच होता हे कशावरून?

जुनी_कात्रणे

तसे ठामपणे म्हणता येत नाही, म्हणून मी वर ‘आफ्रिकी गेंडा’ असे लिहिले. सम्राट डोमिशनने पाडलेल्या लहान तांब्याच्या नाण्यांवर दोन शिंगांचा गेंडा आहे आणि त्या काळच्या मार्शल कवीने रिंगणात अस्वलाला दुहेरी शिंगावर उडवणाऱ्या गेंड्यावर ओळी लिहिल्या आहेत. दोन शिंगे म्हणजे आफ्रिकी असण्याची शक्यता अधिक. पण काळा की पांढरा हे नाण्यावरून सांगणे कठीण आहे. रंगाने दोन्ही राखाडीच असतात, खरा फरक ओठात. पांढरा गेंडा युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात आला तो थेट १९५० मध्ये, अँटवर्पला. काळ्याला निदान ८२ वर्षांची आघाडी होती.

निंबोणी

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध आपण सगळे ओलांडून चाललो आहोत. जर्मनी हे या व्यापाराचे माहेरघर आणि नेमक्या त्याच देशाची दोन महायुद्धांत राखरांगोळी झाली. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात युद्धापूर्वी तीन हजारांहून अधिक जनावरे होती. १९४५ मध्ये त्यांतली ९१ उरली. फ्रँकफुर्टची बाग १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. गेंड्यासारखे जनावर वयात यायला सहा-सात वर्षे घेते, पंधरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. त्याच्या बाबतीत एखादी पिढी हाताशी येते न येते तोच युद्ध उभे राहिले तर हिशेब पुन्हा शून्यावर येतो.

म्हणूनच जगातले बंदिस्त काळ्या गेंड्याचे पहिले पिल्लू युरोपात जन्मले नाही. ते १९४१ मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात जन्मले. तिथे १९३० च्या दशकात नर आणि मादी दोन्ही आणले गेले होते, जागा ऐसपैस होती आणि डोक्यावर बॉम्ब पडत नव्हते.

युद्धानंतर युरोपला गेंडे सहज मिळू लागले, त्याचे कारण मात्र आनंदाचे नाही. केनियातल्या मकुएनी भागात वस्तीसाठी जमीन मोकळी करायची म्हणून सरकारने जे. ए. हंटर या शिकाऱ्याकरवी जवळजवळ हजार काळे गेंडे मारून घेतले. तिथे गेंडा ही अडगळ होती. मालमोटारीतून पाठलाग करून लांब काठीच्या टोकाला लावलेला फास गळ्यात टाकायचा, ही पकडण्याची नवी रीत रूढ झाली. या रीतीने आई न मारताही अर्धवट वयाची जनावरे पकडता येऊ लागली. तेव्हा नर-मादी निवडून मागवणे प्रथमच व्यवहारात आले. फ्रँकफुर्टला बर्नहार्ड ग्झिमेक यांनी १९४५ मध्ये भंगलेली बाग हाती घेतली आणि ११ वर्षांत तिथे पिल्लू झाले, ते याच काळात.

जुनी_कात्रणे

निंबोणी, धन्यवाद. आपल्या प्रतिसादामुळे माझा प्रश्नच चुकीच्या जागेवरून मोजला गेला होता, हे लक्षात आले. मी थिओडोरच्या आगमनापासून वर्षे मोजली. मोजायला हवी होती ती वयात आलेली, एकमेकांना सोसणारी जोडी एका जागी किती काळ राहिली यावरून. तसे मोजले तर ८८ वर्षांतली बहुतेक वर्षे आपोआप गळून पडतात. निवृत्त_पशुवैद्य यांना विचारावेसे वाटते की फ्रँकफुर्टला आहारातही काही बदल झाला होता की केवळ जोडी मिळाल्यानेच हे घडले?

निवृत्त_पशुवैद्य

आहाराच्या समस्या त्यानंतरही कित्येक वर्षे तशाच राहिल्या, तेव्हा मी श्रेय जोडीला देईन. यकृतात साचणारे लोह जनावराचे आयुष्य खाते, पण तरुण जनावराला माजावर यायला ते आड येत नाही. मी आधी आहारावर जो जोर दिला तो या प्रश्नापुरता थोडा जास्तच झाला, हे कबूल करतो.

कासवगती

पुन्हा एक बाजूचा प्रश्न, राग नसावा. २०१९ मध्ये युरोपातून पाच काळे गेंडे रवांडाला पाठवल्याची बातमी वाचली होती. त्यांच्यात थिओडोरच्या मुलखाचे, म्हणजे कसाल्याकडचे, काही रक्त असेल का?

दूरबीन

नसावे. ते पाचही जण युरोपातल्याच प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले होते, चेक प्रजासत्ताक, इंग्लंड आणि डेन्मार्क येथून गोळा करून आकागेरा राष्ट्रीय उद्यानात सोडलेले. पण आज युरोपात जी वंशावळ आहे ती केनिया आणि टांझानियातून दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या जनावरांची. एकोणिसाव्या शतकात आलेल्या एकाही काळ्या गेंड्याला बंदिवासात पिल्लू झाले नाही, कारण पहिले पिल्लूच १९४१ चे. कसाल्याच्या परिसरातून तर हा प्राणी केव्हाच नाहीसा झाला आहे. त्या मुलखातल्या गेंड्यांपैकी आता उरली आहेत ती स्क्लेटर यांच्या निबंधातली चित्रे आणि संग्रहालयांतली काही हाडे.